गुलमर्गमधला पहिला पावडरचा दिवस: आदल्या संध्याकाळपासून बूट वाळवेपर्यंत

गुलमर्गला मराठी माणसं कमी येत नाहीत. टंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि लांब कोट चढवायचा, वर येऊन स्लेजवर बसायचं, फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत श्रीनगर गाठायचं, हा बहुतेकांचा बेत. अलीकडे त्या गर्दीत थोडी वेगळी मंडळीही दिसतात. सह्याद्रीत वर्षानुवर्षं ट्रेक केलेली, मग औलीला, सोलंगला किंवा गुलमर्गच्याच भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक कोर्स केलेली. दाबून सपाट केलेल्या उतारावर त्यांना वळता येतं, थांबता येतं. आता त्यांना पावडर खुणावत असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांनी पायात स्की कधीच घातल्या नाहीत, त्यांनी आधी गुलमर्गच्या मैदानातल्या सोप्या उतारावर प्रशिक्षकाबरोबर चार-पाच दिवस घालवावेत आणि मग इथे परत यावं.

पावडर म्हणजे ताजा, कोरडा, कुणी न तुडवलेला बर्फ. ओळखायची रीत सोपी आहे. हातमोज्यात मूठभर बर्फ घ्या आणि दाबा. लाडू वळला गेला तर बर्फ ओला आहे. तांदळाच्या पिठीसारखा बोटांतून निसटला, तर ती पावडर. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ पीर पंजालच्या रांगेला अडतात, वर चढताना थंड होतात आणि ओंजळी रित्या करतात. हवा जितकी थंड, तितका बर्फ हलका. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे ऐन कडाक्याचा हिवाळा. माझ्या मते जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा महिना नवशिक्यासाठी सगळ्यात चांगला. पण निसर्ग कॅलेंडर बघून चालत नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचं मैदान कित्येक दिवस तपकिरी पडलं होतं, बर्फ आला तो महिना संपता संपता. म्हणून दोन दिवसांची सहल आखून पावडरची आशा धरू नका. निदान सहा दिवस हातात ठेवा, म्हणजे त्यातला एखादा तरी तुमचा असेल.

वर जायची घाई नको

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्यांची लिफ्ट, दोन टप्प्यांत जातो. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे. पहिला टप्पा तिथून कोंगदुरीपर्यंत, म्हणजे ३००० मीटरच्या जरा वर. हा १९९८ साली सुरू झाला. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि तो अफरवट शिखराच्या खांद्यावर, ३९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. बर्फ पडला की प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: दुसरा टप्पा कधी उघडणार? हॉटेलवाला, टॅक्सीवाला, शेजारच्या टेबलावरचा पाहुणा, सगळे तुम्हाला वर जायला सांगतील.

माझं सांगणं उलट आहे. पहिला पावडरचा दिवस खालीच घालवा. पहिल्या टप्प्याच्या आसपासचे मोकळे पट्टे, कोंगदुरीचे सौम्य उतार, आणि हात बसला तर कोंगदुरीहून वर जाणारी चेअरलिफ्ट. याचं कारण उताराच्या कोनात आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. फार सपाट जागी पावडरमध्ये स्की रुतते, पुढे सरकतच नाही. तीसपासून पंचेचाळीस अंशांपर्यंतचे उतार हिमस्खलनाचे. बहुतेक स्खलनं याच कोनांत सुटतात. या दोहोंच्या मधे, वीस ते पंचवीस अंशांचा पट्टा आहे. तिथे पावडर तुम्हाला वाहून नेण्याइतकी सरकते, वेग आपोआप ताब्यात राहतो, आणि डोक्यावर दुसरा तीव्र उतार नसेल तर स्खलनाची भीतीही फार कमी असते. शिकायला सोयीचा उतार आणि सुरक्षित उतार एकच निघावा, यासारखं दुसरं सुख नाही.

हा कोन मोजायला दोन काठ्या पुरतात. एका काठीच्या बरोबर मध्यावर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. उतारावर ही काठी उभी धरा, टोक बर्फाच्या पृष्ठभागाला नुसतं टेकवा, रुतवू नका. दुसरी, तेवढ्याच लांबीची काठी चिकटपट्टीपाशी आडवी धरून चढाच्या दिशेने न्या. तिचं टोक बर्फाला जेमतेम टेकलं तर उतार साधारण साडेसव्वीस अंशांचा आहे. टोक हवेत राहिलं तर त्याहून सौम्य. टोक बर्फात घुसलं तर त्याहून तीव्र, आणि तो आजचा उतार नव्हे. मोबाईलमध्येही कोन मोजता येतो, पण थंडीत बॅटरी अचानक मान टाकते. काठ्या कधी बंद पडत नाहीत.

आदल्या संध्याकाळी

पावडरचा दिवस जिंकायचा की घालवायचा, हे आदल्या संध्याकाळी भाड्याच्या दुकानात ठरतं. सकाळी तिथे झुंबड असते आणि मग मिळेल ते पायात चढवावं लागतं.

आधी बूट, स्की नंतर. एकच पातळ, लांब लोकरी मोजा घाला. दोन मोजे घातले की ऊब वाढते असं वाटतं, प्रत्यक्षात रक्त अडतं आणि पाय गारठतात. बुटात सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे टेकायला हवा. गुडघे वाकवले की तो किंचित मागे सुटायला हवा, आणि नडगी बुटाच्या जिभेला सगळीकडून सारखी टेकायला हवी. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. दुकानातच दहा मिनिटं घालून फिरा. दुकानदाराला घाई असली तरी तुम्ही घाई करू नका.

कोर्सला वापरलेल्या स्की कमरेत अरुंद असतात, पायाखाली ऐंशी मिलिमीटरच्या आत-बाहेर. पावडरला शंभर मिलिमीटर किंवा त्याहून रुंद मागा. रुंद स्की बर्फावर तरंगते, अरुंद स्की सुरीसारखी आत जाते. लांबी नाकापासून कपाळापर्यंत पुरे. बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची, सेटिंग वजन, उंची, बुटाची लांबी आणि तुमचं कौशल्य यांवर ठरते. ते आकडे दुकानदाराला खरे सांगा. वजन दोन-चार किलो कमी सांगितलं तर स्की भलत्या वेळी निसटेल. काठ्यांना मोठ्या चकत्या असलेल्या घ्या, लहान चकतीची काठी कोपरापर्यंत आत जाते.

मग तीन वस्तू, ज्यांच्याशिवाय दाबलेला उतार सोडायचा नाही: बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळई) आणि फावडं. भाड्याने मिळतात. बीकन म्हणजे ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडणारं छोटं यंत्र. कुणी बर्फाखाली गाडलं गेलं तर बाकीचे आपापलं यंत्र शोधावर टाकून त्याच्यापर्यंत पोहोचतात. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची आशा मोठी असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. म्हणजे तुमचा जीव बाहेरून येणाऱ्या पथकाच्या हातात नसतो, सोबत्यांच्या हातात असतो. हॉटेलच्या अंगणात एकाने बीकन बर्फात पुरावा, दुसऱ्याने शोधावा. तीनदा तरी करा. मोबाईल बीकनपासून वीतभर तरी लांब ठेवा, शोधताना हातभर.

हे कुणाला घाबरवायला लिहीत नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या बाजूला झालेल्या स्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन. ही अनुभवी माणसं होती. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचा अंदाज देते, तो संध्याकाळी वाचा. धोक्याची पातळी एक ते पाच असते. तीन म्हणजे अधलीमधली, म्हणून चालेल असं समजू नका. जगभरात सर्वाधिक बळी तिसऱ्या पातळीच्या दिवशीच जातात, कारण त्या दिवशी आकाश निळं असतं आणि माणूस निर्धास्त असतो.

गाईड घ्याच. स्थानिक, परवाना असलेला, आणि शक्य तर संध्याकाळीच भेटून ठरवलेला. त्याला पहिल्याच वाक्यात सांगा: "पावडरमध्ये पहिलीच वेळ आहे, खालीच राहायचं आहे." एवढं ऐकल्यावर ज्याचा चेहरा पडला, तो गाईड तुमचा नाही. मी ज्यांच्याबरोबर जाते ते पन्नाशी उलटलेले आहेत, मी त्यांना चाचा म्हणते. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या कौशल्याबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते हे, की रात्री झोप लागली का. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही, आणि गुलमर्गचं मैदान त्याच्याही हजार मीटर वर. मुंबईहून विमानाने आलेल्या माणसाला पहिल्या रात्री डोकं जड होणं, झोप मोडणं साहजिक आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी स्कीइंग नको, एक दिवस नुसतं चालून काढा, पाणी पीत राहा.

आणखी एक, जे घरूनच करून यायचं. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. चार जणांत निदान दोघांकडे चालू फोन हवा. विम्याची कागदपत्रंही तेव्हाच वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत स्कीइंग, आणि त्यातही आखलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग, वगळलेलं असतं.

सकाळ

खिडकीबाहेर फूटभर ताजा बर्फ दिसला की हॉटेलात काम करणारी मुलं एकमेकांना "शीन मुबारक" म्हणतात. शीन म्हणजे बर्फ. त्या दिवशी सगळ्यांचे चेहरे उजळलेले असतात, कारण बर्फ म्हणजे गावाचं वर्षाचं पोट.

कपड्यांत सूत नको, हा एकच नियम पाठ करा. जीन्स, सुती बनियन, सुती मोजे, सगळं बॅगेत ठेवा. सूत घाम पिऊन बसतं आणि थांबलात की अंगावर गारठतं. अंगाला लागून लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट. पावडरमध्ये तुम्ही पडणार आहात, तेव्हा जॅकेटचा घेर आणि पँटच्या मोहऱ्या घट्ट बंद हव्यात. खोलीतून बाहेर पडताना किंचित थंडी वाजली पाहिजे. तेव्हाच उबदार वाटत असेल तर अर्ध्या तासात घामाघूम व्हाल. गॉगल बर्फ पडत असताना फिकट पिवळ्या किंवा गुलाबी काचेचा, ऊन असताना गडद. काचेची आतली बाजू कधीही पुसू नका, तिच्यावरचा लेप जातो. गॉगल कपाळावर सरकवून ठेवला तर घामाने धुरकटतो. ऊन असो-नसो, चेहऱ्याला, नाकाखाली आणि हनुवटीखाली सनस्क्रीन लावा, कारण ताजा बर्फ बहुतेक अतिनील किरण परतवून खालून मारतो.

खिशात गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर. संक्रांतीच्या सुमारास गेलात तर तिळाचे लाडू न्या. ते गोठून दगड होत नाहीत आणि चाचांनाही आवडतात. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा, पाणी वरून गोठायला लागतं आणि मग तोंडाशी बर्फ धरत नाही.

मोठ्या बर्फानंतर गोंडोला वेळेवर सुरू होईलच असं नाही. वारा असतो, तारेवरचा बर्फ काढायचा असतो, आणि वरच्या उतारांची खात्री केल्याशिवाय स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवर लक्ष ठेवणारं पथक, दुसरा टप्पा उघडू देत नाही. रांगेत चिडचिड करणारे दिसतील. त्या वेळात मैदानावर अंग मोकळं करा, मांड्या आणि पोटऱ्या ताणा, बीकन चालू आहे का ते एकमेकांचं तपासा. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून टाका. झाडीत काठी अडकली तर खांदा निखळतो, आणि बर्फाने ओढलं तर काठी नांगरासारखी खाली खेचते.

पहिली उतरण

पहिल्याच क्षणी एक गोष्ट कळेल: कोर्समध्ये शिकलेला पाचरीचा ब्रेक इथे चालत नाही. खोल बर्फात स्कीची शेपटं बाहेर ढकलली की एक पाय रुतून बसतो, दुसरा पुढे निघतो आणि तुम्ही तोंडावर. दाबलेल्या उतारावर सगळा भार बाहेरच्या पायावर टाकायला शिकवलेलं असतं. पावडरमध्ये तसं केलं तर तोच पाय बुडतो. इथे भार दोन्ही पायांवर जवळजवळ सारखा. दोन्ही स्की नेहमीपेक्षा जवळ आणा, जणू एकच रुंद फळी आहे आणि तुम्ही तिच्या मध्यावर उभे आहात.

मग सुरुवात अशी करा. सौम्य उतारावर, समोर मोकळं आहे याची खात्री करून, वळायचा विचार न करता सरळ खाली सोडा. गुडघे स्प्रिंगसारखे हळूच दाबा, सोडा, दाबा, सोडा. दोन-तीन वेळा केलं की बर्फ खालून उचलतो, टोकं वर येतात, पुन्हा बुडतात. त्या हेलकाव्याचा ताल एकदा पायांना कळला की वळणं त्यातूनच येतात: वर आलात की पाय हलके असतात, तेव्हा दोन्ही स्की एकदम फिरवायच्या, खाली दबताना वळण पुरं करायचं. वळण गोल आणि सावकाश. झटका दिला की बर्फ धरून ठेवतो. वेगाची फार भीती नको, बर्फच तुम्हाला धीमं करत असतो.

सगळ्यांची चूक एकच असते, आणि माझीही तीच होती. टोकं बुडू नयेत म्हणून माणूस मागे बसतो. दहा वळणांत मांड्या पेटतात आणि स्की ताब्यात राहत नाही. चाचा मागून दिवसभर एवढंच ओरडत होते, "पीछे मत बैठो, दीदी. सामने. हाथ सामने." हात पुढे, भरलेलं ताट दोन्ही हातांनी धरल्यासारखे, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली. भार पुढे झोकायचा नाही, फक्त मागे पडू द्यायचा नाही.

पडलात की लगेच उठायची धडपड करू नका. पावडरमध्ये हात टेकला की खांद्यापर्यंत आत जातो. आधी दोन्ही स्की उताराच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या आणा. मग दोन्ही काठ्या एकमेकींवर फुलीसारख्या बर्फावर आडव्या ठेवा, फुलीच्या मध्यावर तळहात दाबून उठा. स्की निसटली असेल तर पायाने तुडवून पाटाएवढी सपाट जागा करा, बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीने खरवडून काढा. नखभर बर्फही राहिला तर बाइंडिंग लागत नाही. आधी उताराकडच्या पायाची स्की, मग चढाकडच्या.

आणि स्की सापडलीच नाही तर? माझ्या दुसऱ्या उतरणीत हे झालं. मी पडले, उजवी स्की गायब. मी पडले त्या जागेच्या खाली शोधत सुटले, कारण वस्तू खाली घरंगळते असं मन सांगतं. चाळीस मिनिटं गेली. हातमोजे ओले झाले, बोटं बधिर. चाचा खालून चढून आले, माझी काठी त्यांनी मी पडले तिथे रोवली आणि तिच्या वरच्या बाजूला गेले. दुसऱ्या स्कीची शेपटी सुरीसारखी बर्फात आडवी ओढत, वीत-वीत अंतरावर रेघा मारत आले. पाचव्या रेघेला टक् असा आवाज झाला. स्की माझ्या पडण्याच्या जागेपासून दोन हात वर होती, बोटभर बर्फाखाली. स्की निसटते तेव्हा तिथेच रुतते, पुढे जातो तो माणूस. तेव्हा आधी पडल्या जागी खूण करा, मग वरच्या बाजूला पद्धतशीर रेघा मारा. दुकानात मागितलात तर लांब रंगीत फितीही कधीकधी मिळतात, त्या स्कीला बांधून पँटच्या मोहरीत खोचायच्या.

झाडीत

कोंगदुरीखालच्या फरच्या झाडीत पावडर जास्त दिवस टिकते, कारण तिथे ऊन आणि वारा पोहोचत नाही. बर्फ पडत असताना मोकळ्यावर सगळं पांढरं होऊन उतार कळेनासा होतो, झाडीत खोडांमुळे डोळ्याला आधार मिळतो. पण पहिल्या दिवशी विरळ झाडीच. झाडाकडे बघू नका, दोन झाडांमधल्या वाटेकडे बघा. नजर जिथे, तिथे स्की. झाडाच्या बुंध्याभोवती, खालच्या फांद्यांच्या आडोशाला, पोकळ खड्डा असतो. त्यात डोक्यावर पडलं तर एकट्याने निघता येत नाही. म्हणून जोडीनेच जायचं, एकमेकांच्या हाकेच्या अंतरात, आणि गळ्यात शिट्टी. उघड्या उतारावर मात्र एका वेळी एकानेच उतरायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून बघत राहायचं.

झाडीतून खाली बाबा रेशींच्या दर्ग्याकडे उतरणारी वाट गुलमर्गच्या जुन्या स्कीअरांची लाडकी. खालून टॅक्सीने परत वर. ती पुढच्या वर्षी ठेवा. उतार लांब आहे, खालचा बर्फ जड असतो, आणि मधे दमलात तर परतीची लिफ्ट नाही.

दुपार

कोंगदुरीच्या ढाब्यावर राजमा-चावल आणि कहवा घ्या, ओले हातमोजे जॅकेटच्या आत पोटाशी ठेवा. जेवल्यावर दोन उतरणी, फार तर तीन. मांड्या थरथरायला लागल्या, किंवा सोप्या वळणावर दोनदा पडलात, की दिवस संपला. बहुतेक दुखापती दुपारी तीननंतरच्या "आणखी एक"मध्ये होतात असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. उन्हाच्या दिवशी बर्फही तोवर बदललेला असतो, दक्षिणेकडच्या उतारावर ओला होतो आणि सावली पडली की वर पापुद्रा धरतो, ज्यात स्की अडकून गुडघा पिळवटतो. सोबतच्यांपैकी कुणी "बास" म्हटलं तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, सगळ्यांनी उतरायचं. हे सकाळीच आपसात ठरवून ठेवा.

डोकेदुखी, मळमळ, किंवा बोलण्यात घोळ जाणवला तर गोंडोलाने थेट खाली. बोटांची किंवा नाकाची कातडी पांढरी, मेणासारखी दिसली तर चोळू नका आणि कांगडीवर, म्हणजे निखाऱ्यांच्या टोपलीवर, धरू नका, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. काखेत, पोटाशी, कोमट उबेत आणा आणि डॉक्टरांना दाखवा.

खोलीवर आल्यावर

स्की परत करण्याआधी कोरड्या फडक्याने कडा पुसा, दुकानदार लक्षात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी चांगली जोडी काढून देतो. चाचांचे ठरलेले पैसे हातात द्या, आणि त्यांनी जी जागा दाखवली तिचं नाव विचारून लिहून घ्या. बीकन बंद करा, बॅटरी किती उरली ते बघा. बुटांचे लायनर, म्हणजे आतली मऊ अस्तरं, बाहेर ओढून काढा, आतला तळही काढा. ते बुखारीपासून, म्हणजे खोलीतल्या शेगडीपासून, हातभर लांब, उभे ठेवा. जवळ ठेवले तर फोम आकसतो आणि सकाळी बूट पायात जात नाही. झोपण्यापूर्वी एकदा उठून त्यांची तोंडं फिरवा, म्हणजे अंगठ्याकडचा भागही वाळतो.